चावी महाडला मिळेल

मे महिन्यात कोकणात राहायला जायचं ठरवलंय, हे ऐकल्यावर मुलाचा फोनवरचा पहिला प्रश्न होता, "आई, तिथे एसी आहे का?" नव्हता. दुसरा प्रश्न, "मग आपल्या घरात कोण राहणार?" मुरुडकर राहणार होते. त्यावर त्याने थोडा वेळ काही बोलायचंच सोडलं.

मुरुडकर म्हणजे माझ्या भाचीच्या सासरचे नातेवाईक. दापोलीजवळच्या मुरुडला (जंजिऱ्याच्या नव्हे, हे पुण्यात दर वेळी सांगावं लागतं) त्यांचं जुनं घर आणि मागे नारळ-पोफळीची वाडी. डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, डॉक्टर पुण्याचे, आधी तपासण्या आणि नंतरही चकरा. नातेवाइकांकडे उतरायचं नाही हा त्यांचा बाणा. घर बंद ठेवून यावं तर वाडीचं शिंपणं, मांजर आणि ऐन मोसमातली आंब्याची झाडं. इकडे आम्ही दोघं निवृत्त, कर्वेनगरला लिफ्टचा फ्लॅट, डोळ्यांचा दवाखाना चालत जाण्याइतका जवळ. भाची म्हणाली, घरंच बदला ना काही दिवस. भाडं नाही, विजेचं बिल ज्याचं घर त्याने भरायचं, आणि जो ज्या घरात राहील त्याने त्या घराची कामं करायची. दोन्ही बाजूंनी एकेक वही लिहायची असं ठरलं. आमची वही चार पानांत आटोपली. ओला कचरा, सुका कचरा, दूधवाला, गॅसचा नंबर, पार्किंगमध्ये कुठे गाडी लावल्यावर कोण चिडतं.

मंगळवार

पहाटे चांदणी चौक ओलांडला तेव्हा अजून उजाडायचं होतं. पौड, मुळशी, ताम्हिणी. मुळशीचं पाणी मे महिन्यात खूप खाली गेलेलं असतं, काठाची लाल माती उघडी पडते. हे पाटबंधारे खात्यात नोकरी करून निवृत्त झाले, त्यामुळे कुठलंही धरण दिसलं की गाडीचा वेग कमी होतो. टाटांच्या या धरणाविरुद्ध 1921 साली सेनापती बापटांनी केलेला सत्याग्रह, बुडालेली गावं, वीज मुंबईला कशी गेली, हे सगळं मी दर वेळी ऐकते. ताम्हिणीत एका वळणावर दोन मुली पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन बसल्या होत्या. चार द्रोण घेतले, माणगावपर्यंत संपले. माणगावात मात्र अडकलो. शाळांना सुट्ट्या लागलेल्या, अख्खी मुंबई गावाला निघालेली, आणि मुंबई-गोवा रस्ता तिथे गावाच्या पोटातून जातो. बाहेर पडायला जवळजवळ तास गेला.

माणगावहून आंबेत, मंडणगड करून दापोली गाठता येते. पण ह्यांना कशेडीचा बोगदा पाहायचा होता आणि मुरुडकर त्याच बाजूने येत होते, म्हणून भेट ठरली महाडला. "चावी महाडला मिळेल," असं मुरुडकरांनी फोनवर इतक्या सहजपणे सांगितलं होतं, की जणू महाड म्हणजे शेजारची आळी.

हमरस्त्यावरच्या एका हॉटेलात चौघं बसलो. समोरासमोर पहिल्यांदाच भेटत होतो. मुरुडकर उंच, पांढरा लेंगा-सदरा, जाड चष्मा. वहिनी बारीक चणीच्या आणि भयंकर चौकस. वडा-सांबार येईपर्यंत चाव्यांची देवाणघेवाण झाली. आमच्या दोन सपाट चाव्या आणि लिफ्टचं कार्ड मी पाकिटात घालून दिलं. त्यांनी रुमाल उलगडून टेबलावर ठेवली ती वीतभर लांबीची लोखंडी किल्ली, तिला सुंभाने बांधलेलं फणसाच्या लाकडाचं ढलपं. "हे कशाला?" मी विचारलं. "विहिरीत पडली तर तरंगायला," मुरुडकर म्हणाले. ढलप्याच्या एका कडेला पाण्याचे जुने डाग होते. तेव्हा प्रश्न उरला नाही.

त्यांच्या गाडीत आंब्याच्या दोन पेट्या होत्या, एक आमच्यासाठी. "घरी आढी लावलेली आहे, पण ती पिकायला वेळ आहे," वहिनी म्हणाल्या. मी बाकरवडी दिली. पुण्याहून निघताना दुसरं काय देणार?

पोलादपूरनंतर बोगदा आला. जुन्या कशेडी घाटात ट्रकच्या मागे रांगत जायचे दिवस आठवतात त्यांनाच या बोगद्याची किंमत कळेल. ह्यांनी आतले जेट पंखे मोजायला सुरुवात केली आणि मी पुढे बघून चालवा म्हटलं. खेडच्या भरणे नाक्यावरून उजवीकडे वळलो. दापोली उंचावर असल्याने हवा जरा बरी वाटली, पण मुरुडला उतरलो आणि अंगाला घाम चिकटला तो पुढचे सगळे दिवस.

बुधवार

मुरुडकरांची वही म्हणजे दोनशे पानी, आणि निम्मी भरलेली. पहिलं वाक्य असं: "पंप सकाळी सहाला. लाईट नसेल तर वाट पाहावी, चिडू नये." पुढे वाडीचा नकाशा, पाटाचं पाणी कुठल्या आळ्यातून कुठल्या आळ्यात फिरवायचं त्याचे बाण, कोणत्या माडाखाली उभं राहायचं नाही त्यावर फुली. मांजराबद्दल एकच ओळ: "घरात घ्यायचं नाही. तरी येईल."

सहा वाजता पंप सुरू केला. आवाज आला, पाणी नाही आलं. हे आयुष्यभर कालव्यांत काढलेले, कोयत्याने झुडपं बाजूला सारून पाइपाची पाहणी करू लागले, व्हॉल्वचं नाव, दाबाचं गणित. तेवढ्यात वाडीत नारळ उतरवायला येणारे भाऊ आले. त्यांनी बादलीभर पाणी पाइपात ओतलं, झाकण घट्ट केलं आणि म्हणाले, "हवा धरलीन हो." दुसऱ्याच मिनिटाला पाटाला पाणी लागलं.

शिंपणं हे बसून करायचं काम नाही, हे मला अर्ध्या तासात कळलं. एक आळं भरलं की फावड्याने माती ओढून पाट बंद करायचा, पुढचं तोंड उघडायचं. उशीर झाला तर पाणी वाया, घाई केली तर पोफळीच्या मुळाशी ओल नाही. पुण्यात मी कुंड्यांना झारीने पाणी घालते तेव्हा मनात दुसरंच काही चालू असतं. इथे लक्ष ढळलं की पाणी शेजारच्यांच्या वाडीत.

दुपारी पडवीत झोपलो. पंखा, झावळ्यांची सळसळ, आणि मध्येच धप्प. पहिल्या धप्पला आम्ही दोघं उठून बसलो. नंतर सवय झाली.

गुरुवार, शुक्रवार

मुरुड हे धोंडो केशव कर्व्यांचं गाव. आम्ही कर्वेनगरचे, कोथरूडला जाताना रोज कर्वे पुतळ्यापाशी सिग्नलला थांबणारे, त्यामुळे इथे येऊन त्यांचं स्मारक न पाहता कसं जाणार? अण्णांचा जन्म शेरवलीचा, 1858चा, पण ते वाढले मुरुडात. गावाची रचना अजून तशीच आहे. सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, घरामागे वाड्या, आणि वाडी संपली की पुळण. दुर्गादेवीच्या देवळातले कोरीव लाकडी खांब पाहत मी बराच वेळ उभी होते. पुजारी सांगत होते ते कमी ऐकलं आणि खांब जास्त पाहिले.

अण्णा मुरुडाहून परीक्षेसाठी साताऱ्याला चालत गेले होते, डोंगर चढून, ऐन पावसात. तिथे पोचल्यावर वय लहान दिसतं म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. आले तसे परत. हा प्रसंग लहानपणी पाठ्यपुस्तकासारखा ऐकला होता. मुरुडच्या रस्त्यावर उभं राहून पूर्वेकडे सह्याद्रीची रेघ पाहिली तेव्हा माझ्या मनात आलं की परत येताना तो मुलगा काय विचार करत चालला असेल? संताप आला असेल का? पुढे ज्याने 1896 साली विधवांसाठी आश्रम काढला आणि 1916 साली बायकांचं विद्यापीठ, त्याचा संताप बहुधा कामातच खर्च झाला.

शुक्रवारी संध्याकाळी हर्णै. ह्यांना मासे खायचे होते. मुरुडकरांच्या स्वयंपाकघरात ते चालणार नाही हे वहीत लिहिलेलं नव्हतं, पण न सांगता कळण्यासारखं होतं. बंदरावर लिलाव चालू होता. होड्या आत पाण्यात उभ्या, आणि मासळी किनाऱ्यावर आणायला बैलगाड्या. बैल पोटापर्यंत पाण्यात उभे राहतात, लाट आली तरी मान हलवत नाहीत. पुढे 1 जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, त्यामुळे गर्दीही होती आणि घाईही. कोळणींचे आकडे इतके झरझर सुटत होते की एकही भाव माझ्या कानाला लागला नाही. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. 1755 साली इंग्रजांच्या आरमाराने पेशव्यांच्या बाजूने तो तुळाजी आंग्र्यांकडून जिंकला. आपल्याच आरमाराचा कणा मोडायला आपणच मदत मागितली, याबद्दल ह्यांचं एक ठाम मत आहे आणि ते पापलेट संपेपर्यंत चाललं. मी सोलकढी पीत होते.

शनिवार

आसूदचं केशवराज. गाडी वर ठेवून पाखाडीने खाली उतरायचं, पोफळीच्या दाट सावलीतून, मग ओढ्यावरचा पूल, आणि मग पायऱ्या. गुडघ्याने कुरकुर केली, पण वर गोमुखातून पडणारं पाणी हातावर घेतलं आणि ते इतकं गार होतं की मी दोनदा तोंड धुतलं. मुरुडात घामाने जीव जात असताना अर्ध्या तासाच्या अंतरावर अशी जागा असते, हे मुरुडकरांनी वहीच्या शेवटून तिसऱ्या पानावर, एका ओळीत, "गुडघे बरे असतील तर" असं लिहून ठेवलं होतं.

रविवार

पुण्याहून फोन. मुरुडकरांचा एक डोळा झाला, छान झाला. दुसऱ्याचं मात्र डॉक्टर आत्ता करत नाहीत म्हणाले, साखर वाढलीय. "पेटीभर आंबे बरोबर नेलेत, वाढेल नाहीतर काय," हे फोन बाजूला धरून पुटपुटले.

मग वहिनी आल्या फोनवर. काल रात्री त्या दोघांना वरच्या मजल्यावरच्या बाईंनी जेवायला बोलावलं होतं. त्यांच्याकडे उकडीचे मोदक फार छान होतात म्हणे. तळमजल्यावरच्या गृहस्थांनी रिक्षा करून दवाखान्यात नेलं आणि आणलं. समोरच्या घरातला मुलगा बुद्धिबळ खेळायला येतो. ही सगळी माणसं आमच्या इमारतीतली. वरच्या बाईंशी माझा संबंध गॅलरीत पाणी पडतं यापलीकडे गेला नव्हता, आणि तळमजल्यावरचे गृहस्थ म्हणजे पार्किंगवरून चिडणारे, वहीत ज्यांचा उल्लेख केला होता तेच. हिंगण्याला कर्व्यांची झोपडी जपून ठेवलीय, ती पाहायलाही दोघं जाऊन आली. आम्ही तिथून इतक्या वर्षांत कितीदा गेलोय, आत नाही गेलो.

"तुमच्या मोरीचा नळ ठिबकत होता, ह्यांनी वायसर बदलला," असंही वहिनी म्हणाल्या. एका डोळ्यावर पट्टी असताना.

सोमवार ते बुधवार

या तीन दिवसांत आम्ही कुठेही गेलो नाही, आणि माझ्या मते सहलीतला हाच सगळ्यात भरगच्च भाग. वहीत लिहिलं होतं: "रातांबे पिकले की थांबू नये." सोमवारी सकाळी झाडाखाली लालभडक सडा. शेजारच्या आजी कुंपणापलीकडून पाहत होत्या. "काय पुणेकर, आमसुलं येतात का घालायला?" मी नाही म्हटलं, आणि त्या पदर खोचून आमच्या पडवीत.

रातांबा दोन हातांत दाबून फोडायचा. आतला गर बियांसकट एका पातेल्यात, साली दुसरीकडे. गरावर मीठ घातलं की लाल रस सुटतो. साली सुपात पसरून उन्हात टाकायच्या, संध्याकाळी रसात बुडवायच्या, सकाळी पुन्हा ऊन. असं पुट चढवत जायचं. पहिल्या दिवशी साल गुलाबी आणि कोवळी असते, दुसऱ्या दिवशी कडा आत वळायला लागतात, तिसऱ्या दिवशी ती काळसर आणि चिवट. रंगावरून पुटं ओळखता येतात, आजींना तर नुसत्या बोटांनी. बियांचं वेगळं. त्या वाळवून त्यांचं तेल निघतं, पूर्वी भेगा पडलेल्या टाचांना तेच लावत. पुण्यात मी पाव किलो आमसुलं घेते तेव्हा ती ओलसर का आहेत म्हणून दुकानदाराशी वाद घालते. वाद बरोबरच असतो, पण ती कोरडी व्हायला कुणाची पाठ किती वेळा वाकते हे दिसलेलं नव्हतं. माझी नखं लाल झाली ती पुण्यात आल्यावरही आठवडाभर तशीच होती.

बुधवारी चारच्या सुमारास अचानक वारा पडला. आजी ओरडल्या, "वळीव आला, उचला!" समोरच्या अंगणात फणसाची साठं, आमच्याकडे आमसुलं, पलीकडे पोह्याचे पापड, रस्त्यावरच्या प्रत्येक दारात काही ना काही वाळत टाकलेलं. कोण कुणाचं उचलतंय याचा पत्ता नव्हता. ह्यांच्या हातात कुणाचीतरी साठं, शेजारची शाळकरी मुलं आमची सुपं घेऊन ओटीवर. थेंब पडले तेव्हा सगळं आत होतं. मग लाईट गेली. मांजर माजघरात आलं आणि चुलीच्या भिंतीला टेकून बसलं. वही बरोबर होती.

अंधारात पापड कुणाचे, साठं कुणाची याची वाटणी चालली होती, तेवढ्यात आढीतून वास येतोय असं मला वाटलं. कंदील घेऊन माळ्यावर गेले. पेंढा बाजूला केला, वरच्या थरातले आंबे पिवळे झालेले. त्या रात्री आमच्या ओटीवर अकरा माणसं आंबे चोखत बसली होती आणि घर आमचं नव्हतं.

गुरुवार

सकाळी पन्हाळेकाजीची लेणी पाहून आलो. कोटजाई नदीकाठी 29 लेणी, बौद्धांपासून नाथपंथीयांपर्यंत एकामागून एक पंथांनी वापरलेली. ऊन फार, माणूस कुणी नाही. नीट पाहायची असतील तर डिसेंबरात यावं.

संध्याकाळी मुरुडकर परतले, काळा चष्मा घालून. गाडीतून उतरल्यावर आधी वाडीत गेले, पाटाचं तोंड पाहिलं, पोफळीच्या बुंध्याशी बोट खुपसून ओल पाहिली. काही बोलले नाहीत. वहिनींनी आमसुलं हातात घेऊन उजेडात धरली. "अजून दोन पुटं द्यायला हवीत," म्हणाल्या, आणि तेवढ्यावर माझी परीक्षा आटोपली. जेवायला सांदणं केली, बरक्या फणसाची, नारळाच्या दुधात बुडवून. मुरुडकरांना एक, ती पण वहिनींच्या नजरेखाली.

शुक्रवार, शनिवार

परत त्याच वाटेने जायचं नव्हतं. दाभोळला गाडी फेरीबोटीत चढवली, वाशिष्ठीची खाडी ओलांडून धोपाव्याला उतरलो. एन्रॉनचा प्रकल्प दाभोळचा म्हणून जगभर गाजला, पण तो आहे खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलला. बोटीवरून त्याची धुराडी दिसतात. मुक्काम गुहागरला, लॉजवर. स्वच्छ खोली, एसी, गार पाणी. संध्याकाळी सहाला हे अस्वस्थपणे घड्याळ पाहायला लागले. "आता कुणी शिंपलं असेल का रे देवा," असं म्हणाले, मग स्वतःच हसले. व्याडेश्वराला गेलो, समुद्रावर चक्कर मारली, आणि दोघांनाही कंटाळा आला.

शनिवारी चिपळूणवरून कुंभार्ली घाट चढून कोयनानगर. इथे मात्र गाडी थांबणार हे मला माहीत होतं. 103 मीटर उंचीची भिंत, सह्याद्रीच्या पोटात पोफळीला उतरवलेलं वीजघर, आणि 11 डिसेंबर 1967च्या पहाटेचा भूकंप. ह्यांच्या वरिष्ठांपैकी एकजण त्या वेळी तिथल्या वसाहतीत राहत होते. धरणाला तडे गेले, भिंत उभी राहिली, पण कोयनानगर झोपेत कोसळलं. मग भिंतीला मागून टेकू दिला गेला, तो जाडजूड भाग ह्यांनी मला बोटाने दाखवला. त्या वेळचं सांगताना ह्यांचा आवाज खाली येतो, म्हणून मीही मध्ये बोलत नाही.

पाटणवरून साताऱ्याला यायला दुपार झाली. कंदी पेढे घेतले. पायी आलेल्या त्या मुरुडच्या मुलाची आठवण निघाली, आणि आम्ही एसी आणखी एक घर कमी केला, इतकंच. खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडलो तेव्हा पुणे जवळ आल्याचं वासावरूनच कळलं. डांबर, धूर, आणि कुठेतरी पडलेला पहिला पाऊस.

रविवार

घर लखलखीत. फ्रिजवर हिशेबाचा कागद: दूध, पेपर, वायसरचे पैसे, आणि खाली "मोदकाचं भांडं वरच्या बाईंना परत द्यायचं आहे." भांडं घेऊन मी वर गेले, तासाभराने खाली आले. तळमजल्यावरच्या गृहस्थांनी जिन्यात अडवून मुरुडकरांची तब्येत विचारली. आमची नाही विचारली.

दुसरा डोळा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, साखर आटोक्यात आली तर. तोवर पाऊस लागलेला असेल, शिंपणं नाही, पण लाकडं आत घ्यायची, गळतं कुठे ते पाहायचं आणि पन्हळ साफ ठेवायची, असं वहिनींनी फोनवर सांगितलं. घाटात पावसात गाडी घालायला माझा विरोध आहे. हे स्वारगेटला जाऊन दापोलीच्या एसटीच्या वेळा लिहून घेऊन आलेत.